वाढदिवसाची फुलं

चित्रकलेतलं मला काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. शाळेत एलिमेंटरीच्या तयारीला मी स्मरणचित्रात बैल काढला होता. सरांनी तो पाहून "कुत्रं बरं जमलंय" असा शेरा दिला. पुढे इंजिनियरिंगला पहिल्याच सेमिस्टरला ग्राफिक्समध्ये केटी. एवढ्या भांडवलावर आज मी एका चित्रकाराबद्दल लिहायला बसलोय, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी आणि मार्क शागालची ओळख एका पिक्चरमुळे झाली. 'नॉटिंग हिल', १९९९ चा. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी लॅपटॉपवर पाहिला, शेजारी मॅडम. (मॅडम कोण ते पुढे कळेलच. नाव लिहिलेलं त्यांना चालत नाही.) त्यात ह्यू ग्रँटच्या घरात एका चित्राचं पोस्टर लावलेलं असतं. सगळीकडे निळा रंग, मध्ये लाल कपड्यातली एक नवरी, डोक्यावरून पांढरी ओढणी, हातात फुलांचा गुच्छ, आणि बाजूला एक बकरी चक्क व्हायोलिनसारखं काहीतरी वाजवतेय. ज्युलिया रॉबर्ट्स ते चित्र ओळखते, दोघं त्यावर थोडं बोलतात, आणि शेवटी शेवटी ती त्याला अस्सल चित्रच आणून देते. अस्सल!

मी म्हटलं, "एवढे पैसे घालून हिने बकरीचं चित्र आणलं?"

मॅडमनी पिक्चर पॉज केला. माझ्याकडे पाहिलं. मग परत प्ले केला.

त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला बराच काळ जायचा होता.

*

या वर्षी जानेवारीत ऑनसाईट लागलं. न्यू जर्सी, सहा महिने. जर्सी सिटीत चौघांत एक फ्लॅट, चौघांत एक कुकर आणि चौघांचे मिळून तेरा चार्जर. पुण्यात मॅडम, त्यांची बँकेतली नोकरी, आणि आमचं प्रकरण 'दोन्ही घरी कळलंय, पण ठरलेलं नाही' या अवस्थेत. ही अवस्था ज्यांनी भोगलीय त्यांना जास्त सांगायला नको. तिच्या बाबांना मी लक्ष्मी रोडवर दिसलो तर ते हसतात, पण थांबत नाहीत.

मार्चमध्ये तिचा वाढदिवस आला. मी काय केलं असेल? ऑनसाईटवरचा कुठलाही मुलगा करतो तेच. एका साईटवरून बुके मागवला. चोवीस लाल गुलाब, जिलेटिनचा कागद, पाकळ्यांवर चमकी. 'मिडनाईट डिलिव्हरी'चाही पर्याय होता, पण रात्री बारा वाजता दार बाबाच उघडणार, म्हणून ऑफिसचा पत्ता टाकला. कार्डावर माझं नाव चुकीचं छापून आलं. तिने फोटो पाठवला, खाली 'थँक्स, छान आहेत'. झालं. टास्क क्लोज्ड.

आठवड्याभराने बोलता बोलता ती म्हणाली, "तो फुलंवाला मुलगा मोबाईलवर बोटाने सही कर म्हणत होता. मला एकदम कुरिअर घेतल्यासारखं वाटलं."

मी म्हटलं, "मग, कुरिअरच होतं ना ते."

या वाक्यासाठी स्वतःच्याच एक कानाखाली द्यावी असं मला अजूनही मधूनच वाटतं.

मे महिन्यात मॅनेजरने बाजूला घेऊन विचारलं, अजून एक वर्ष थांबशील का? क्लायंट खूश आहे, पैसे बरे आहेत, प्रमोशनचं बघू. सोमवारपर्यंत सांग. मी मॅडमना फोन केला. सगळं रीतसर सांगितलं, फायदे-तोटे, बचतीचं गणित, सगळं. त्या म्हणाल्या, "तू ठरव."

फक्त दोन शब्द. थांब म्हणाली असती तर भांडता आलं असतं, ये म्हणाली असती तर येता आलं असतं.

*

शनिवारी घरात बसवेना. पाथ ट्रेन पकडली, तेहतिसाव्या रस्त्याला उतरलो आणि उत्तरेला चालत सुटलो. वीस ब्लॉक चालल्यावर म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट लागलं. तिकीट तीस डॉलर. (ऑनसाईटवरचा माणूस म्हणे पहिले तीन महिने प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजतो. मी पाचव्या महिन्यातही मोजत होतो.) पण बाहेर ऊन होतं, पाय दुखत होते, आणि परत जाऊन एक्सेल शीट उघडायची इच्छा नव्हती. गेलो आत.

पाचव्या मजल्यावर व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाईट'समोर दगडूशेठला असते तशी गर्दी. लोक चित्राकडे पाठ करून सेल्फी काढत होते. मी कडेकडेने सरकत पुढच्या दालनांत गेलो आणि एका भिंतीसमोर थबकलो. ओळखीची शैली होती. बकरी नव्हती, पण माणूस हवेत होता.

चित्राचं नाव 'वाढदिवस', साल १९१५. पुठ्ठ्यावर तैलरंगात काढलेलं, जेमतेम मीटरभर रुंद. फोटोत पाहून मला ते भिंतभर असेल असं वाटलं असतं. एक साधी खोली आहे. जमीन लालभडक. भिंतींवर नक्षीच्या शाली टांगलेल्या, खिडकीतून गावातला रस्ता दिसतोय. काळ्या पोशाखातली, पांढऱ्या कॉलरची एक तरुणी हातात फुलं घेऊन आहे, तिची पावलं जमिनीवरून सुटायच्या बेतात आहेत. आणि तिच्या डोक्यावर हवेत आडवा तरंगणारा एक तरुण, हिरव्या शर्टातला. तो तिच्या मागून उडत आलाय आणि मान अशी उलटी वळवून तिचं चुंबन घेतोय की कुठल्याही ऑर्थोपेडिकला घाम फुटावा. तिचे डोळे टक्क उघडे आहेत. धक्का बसलाय, पण वाईट नाही वाटलेलं, असे.

मी तिथे दहा मिनिटं उभा होतो. खरं सांगायचं तर पहिला विचार 'किती सुंदर' वगैरे नव्हता. पहिला विचार होता, अरे, हे म्हणजे पुण्याला व्हिडिओ कॉल लागल्यावर पहिल्या तीन सेकंदांत होतं तेच की. आवाज यायच्या आधी, चित्र अडकत अडकत येतं आणि तिचा चेहरा दिसतो, तेव्हा पोटात जे होतं ते. हे कोणी काढू शकतं हेच मला माहीत नव्हतं.

फोटो काढून तिला पाठवला. इकडे दुपारचे बारा, तिकडे रात्रीचे साडेनऊ. लगेच फोन आला.

"हा तुझा बकरीवाला ना?"

"हो. कसंय?"

जरा वेळ काही नाही. ती फोटो मोठा करून बघत असणार.

"याला हात कुठायत?"

मी परत भिंतीकडे वळून पाहिलं. खरंच की! त्या उडणाऱ्या माणसाला हातच नाहीत. खांदे आहेत, धड आहे, पाय आहेत. हात काढलेलेच नाहीत. दहा मिनिटं समोर उभं राहून मला ते दिसलं नव्हतं.

"उडायला लागत नसतील," मी म्हटलं.

"तसं नाही रे. तिने फुलं आणलीत ना? अजून तिच्याच हातात आहेत. हात नाहीत तर तो घेणार कशी?" मग मागून हाक ऐकू आली. "चल, आई जेवायला बोलावतेय."

*

त्या रात्री एक्सेल शीट उघडली नाही. शागालबद्दल मिळेल ते वाचत बसलो. आणि जसजसं वाचत गेलो तसतसा हा माणूस फारच ओळखीचा वाटायला लागला.

जन्म १८८७, विटेब्स्क. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं, आजच्या बेलारूसमधलं गाव. घरी यिडिश बोलणारं गरीब ज्यू कुटुंब. वडील खारवलेल्या माशांच्या वखारीत पिंपं उचलायचे, आईचं छोटं किराणा दुकान. १९०९ मध्ये त्याची बेला रोझेनफेल्डशी ओळख झाली. तिच्या घरच्यांची गावात सोन्याचांदीची दुकानं. मुलगी मॉस्कोला शिकलेली. आता कल्पना करा, "मुलगा काय करतो?" "चित्रं काढतो." "ते ठीक आहे, पण करतो काय?" तिच्या घरच्यांना हे स्थळ पसंत नव्हतं हे सांगायलाच नको. जग गोल आहे आणि सगळीकडे लक्ष्मी रोड आहे.

मग हा पठ्ठ्या पॅरिसला गेला. ऑनसाईट! जवळजवळ चार वर्षं. 'ला रुश', म्हणजे मधमाश्यांचं पोळं, अशा नावाच्या एका इमारतीत कलावंतांच्या खुराड्यांसारख्या खोल्या होत्या, तिथे राहिला. (चौघांत एक कुकर. मी काहीही सांगत नाहीये, पण साधारण तेच.) बेला तिकडे गावी. पत्रापत्री चालू. इकडे त्याचं नाव होत होतं, 'मी आणि माझं गाव' हे त्याचं १९११ चं प्रसिद्ध चित्र याच काळातलं आणि तेही याच म्युझियममध्ये आहे. कवी अपोलिनेर त्याच्या खोलीवर येऊन चित्रं बघून थक्क होऊन गेला होता. थोडक्यात, क्लायंट खूश होता.

१९१४ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन लागलं. तिथून तो थोड्या दिवसांसाठी गावी आला. बहिणीचं लग्न होतं आणि बेलाला भेटायचं होतं. भेटून परत जायचा बेत. पण ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, सरहद्दी बंद झाल्या आणि तो विटेब्स्कमध्ये अडकला. चित्रं बर्लिनला, खोली पॅरिसला आणि साहेब गावात. तिथून बाहेर पडायला १९२२ उजाडलं.

म्हणजे काय, तर त्याने 'ठरवलं' नाहीच. ठरवायची वेळ आली असती तर पुन्हा पॅरिसला गेला असता का? मला वाटतं, गेला असता. मी त्याच्याजागी असतो तर... असो.

आता त्या फुलांची गोष्ट. बेलाने पुढे यिडिशमध्ये आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात हा वाढदिवस आहे. ७ जुलै १९१५, लग्नाला तीन आठवडेसुद्धा राहिले नव्हते. आपला वाढदिवस कधी असतो हे त्याने तिला सांगितलेलं नव्हतं, तिने ते कसंतरी काढून घेतलं होतं. सकाळी गावाबाहेर जाऊन, कुंपणं ओलांडून, हाताला ओरखडे काढून घेऊन तिने फुलं गोळा केली. घरी येऊन रंगीत शाली, पलंगपोस, काय काय उचललं, खायचं बांधून घेतलं, आणि हा सगळा बोजा घेऊन भर उन्हात गावातून चालत त्याच्या खोलीवर गेली. भिंतीवरच्या त्या नक्षीच्या शाली म्हणजे तिने आणलेल्या. टांगल्याही तिनेच. आणि ती फुलं कशात ठेवावीत म्हणून पाणी शोधायला लागली, तर तो म्हणाला, हलू नकोस! तशीच उभी राहा. आणि घाईघाईने रंग काढून चित्रच काढायला लागला.

हे वाचलं आणि मला म्युझियममधला फोन आठवला. मॅडमनी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. नुसतं चित्र बघून त्यांनी बरोबर बोट ठेवलं होतं. तिने फुलं आणली, त्याने ती घेतली नाहीत. त्याला ती इतकी आवडली, सगळं इतकं आवडलं, की तो उडाला. पण घेतली नाहीत.

*

शागालच्या चित्रांना सगळे 'स्वप्नातली चित्रं' म्हणतात. त्याला स्वतःला ते आवडायचं नाही. विसाच्या दशकात पॅरिसमधल्या सररिअ‍ॅलिस्ट मंडळींनी त्याला आपल्या कंपूत ओढायचा प्रयत्न केला, तो गेला नाही. मी स्वप्नं काढत नाही, माझ्या आयुष्यात जे आहे तेच काढतो, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे नखरे वाटले. बाबा रे, तू उलट्या मानेचा माणूस काढतोस आणि म्हणतोस हे खरं आहे? पण आता वाटतं तो बरोबर होता. 'वाढदिवस'मध्ये काल्पनिक एकच गोष्ट आहे, गुरुत्वाकर्षण नसणं. बाकी खोली खरी, शाली खऱ्या, खिडकीतला रस्ता खरा, फुलं खरी.

त्या काळातली त्याची अजून दोन चित्रं आहेत. 'गावावरून' मध्ये तो आणि बेला विटेब्स्कच्या कौलांवरून उडत चाललेत, एखादं जोडपं स्कूटरवरून सिंहगडाला निघावं तितक्या सहज. ते चित्र मॉस्कोला त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. आणि खाली कोपऱ्यात नीट पाहिलंत तर कुंपणाशी एक माणूस उघड्याने परसाकडला बसलाय. हे असं काढणाऱ्या माणसाला कोण स्वप्नाळू म्हणेल? 'फेरफटका' मध्ये हा जमिनीवर उभा आणि बेला त्याच्या हातात पतंगासारखी वर. त्यात मात्र त्याला हात आहेत. घट्ट धरलेला हात आहे. (मी मुद्दाम तपासलं.)

गंमत म्हणजे फुलांचे गुच्छ ही आपल्याला फ्रान्सने दिलेली गोष्ट असं शागाल नंतर सांगायचा. विसाच्या दशकात बायको-मुलीला घेऊन तो फ्रान्सला परत आला, दक्षिणेला तुलाँजवळ राहिला, आणि तिथली फुलं पाहून वेडा झाला. रशियात असे गुच्छ नसायचेच म्हणे. अहो, नसायचे कसे? ओरखडे काढून आणलेला एक गुच्छ तुमच्याच १९१५ च्या चित्रात आहे की! पण लक्षात घ्या, तो गुच्छ तिच्या मुठीत मावणारा आहे. फ्रान्समध्ये आल्यावर ते वाढायला लागले. १९३० चं 'लायलॅकमधले प्रेमी' बघा. लायलॅकचा गुच्छ एवढा प्रचंड की प्रेमी जोडपं त्या गुच्छाच्या आत पहुडलंय. मागे नदी, वर चंद्र. फुलं माणसांपेक्षा मोठी.

लायलॅक म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मेमध्ये जर्सी सिटीत आमच्या रस्त्यावरच एका घराच्या कुंपणातून जांभळट तुरे बाहेर आले होते, त्याला दाट गोड वास होता, रात्री कामावरून येताना दोन घरं आधीपासून यायचा. पाच महिने तिथे राहून मी त्या झाडाचं नाव कुणाला विचारलं नव्हतं. चित्र पाहिल्यावर विचारलं. तेच निघालं. झाड असं काही मोठं नव्हतं, माझ्या उंचीपेक्षा थोडंसं जास्त. पण वास आला की रस्ता विसरायचा एक क्षण, हे मात्र खरं.

पुढचं वाचताना वेग कमी झाला. १९४१ मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून दोघं न्यूयॉर्कला पोचली. ऑगस्ट १९४४ च्या शेवटी पॅरिस मुक्त झाल्याची बातमी आली, आता परत जाता येईल म्हणून आनंद. आणि २ सप्टेंबरला बेला गेली. सुट्टीला गावाबाहेर गेले असताना घशाचा संसर्ग झाला, बळावला. पेनिसिलिन निघालेलं होतं, पण युद्धामुळे ते प्रामुख्याने सैन्यासाठी राखलेलं. काही दिवसांत खेळ संपला. आज गोळ्यांच्या एका पाकिटात बरं होणारं दुखणं.

शागालने चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि कित्येक महिने ब्रशला हात लावला नाही. तिच्या आठवणींचं पुस्तक मात्र मुलीबरोबर बसून प्रकाशनासाठी तयार केलं, त्यात रेखाटनं काढली. म्हणजे वाढदिवसाची ती गोष्ट, कुंपणं आणि ओरखडे, हे सगळं त्याने तेव्हा, ती नसताना, परत वाचलं असणार. मी हे वाचून लॅपटॉप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. रूममेट म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, बिल्ड फेल झालं.

नंतर त्याने परत काम सुरू केलं ते एक जुनं मोठं चित्र कापून. १९३३ चा कॅनव्हास होता, त्याचे दोन तुकडे करून त्यातल्या एकाचं 'तिच्याभोवती' हे चित्र केलं. त्यात बेला आहे, गोलात बंद केलेलं विटेब्स्क आहे, वर नवरा-नवरी आहेत, आणि चित्रकाराचं डोकं उलटं आहे. धडावर डोकं उलटं बसवलेलं. तेव्हा बघताना मला हसू आलं नाही.

लंडनच्या टेटकडे त्याचं एक चित्र आहे, 'गुच्छ आणि उडणारे प्रेमी'. त्याचं साल दिलंय १९३४ ते १९४७. तेरा वर्षं! सुरू केलं तेव्हा बेला समोर होती, संपवलं तेव्हा नव्हती. मधे किती वेळा बदललं असेल. त्यात गुच्छ अवाढव्य आहे आणि जोडपं कडेला, हवेत. माझ्या अडाणी डोक्यात एक कल्पना येऊन बसलीय ती सांगतो, समीक्षकांनी राग मानू नये. मला वाटतं तो ती फुलं परत करत होता. सुरुवातीला सुखात, नंतर कर्जात. मुठीएवढी घ्यायची राहिली, म्हणून घराएवढी देत बसला.

आता हेही सांगायला हवं की साहेब काही ताजमहाल बांधून बसले नाहीत. १९४५ मध्ये घरकामाला आलेल्या व्हर्जिनिया हॅगार्डबरोबर संसार झाला, १९४६ मध्ये मुलगा झाला. १९५२ मध्ये ती सोडून गेली आणि त्याच वर्षी त्याने व्हॅलेंटिना ब्रॉड्स्कीशी लग्न केलं. १९८५ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन, दक्षिण फ्रान्समध्ये गेला. मला याबद्दल तक्रार नाही. माणसाने जगावं. पण 'नॉटिंग हिल'मधलं ते चित्र, 'नवरी', १९५० चं आहे. बेलाला जाऊन सहा वर्षं झालेली, घरात व्हर्जिनिया. मग ती लाल कपड्यातली, फुलं धरलेली नवरी कोण? मला तरी ती एकच बाई वाटते, आणि फुलं अजूनही तिच्याच हातात आहेत.

बाकी म्हातारपणीचे त्याचे गुच्छ मला फारसे झेपत नाहीत. निळ्यावर गुलाबी, गुलाबीवर पिवळा, कोंबडा, चंद्र, जोडपं. श्रीखंडावर पिठीसाखर. हॉटेलच्या लॉबीत लावायला बरे. 'वाढदिवस'मध्ये खिडकीबाहेर खरा रस्ता आहे, तो या चित्रांत हळूहळू नाहीसा होत गेला. रस्ताच नसेल तर उडण्यात काय मजा?

*

सोमवारी मॅनेजरला सांगितलं, जुलैत जातो. त्याने भुवया उंचावल्या, माझ्याजागी हैदराबादच्या एकाचं नाव लावलं, आणि या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल 'लवचिकता कमी' असा शेरा आहे. बैलाच्या चित्रानंतरचा माझ्या आयुष्यातला हा दुसरा ऐतिहासिक शेरा. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पैशांचं गणित नीट केलंस ना?" पण आवाज वेगळा होता.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मंडईत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फुलं घ्यायला. बुके नको हे नक्की होतं, पण मग काय हवं ते नक्की नव्हतं. पावसाने चिखल झालेला, श्रावणामुळे भाव चढलेले, आणि फुलं तिथे किलोवर मिळतात हे मला माहीतच नव्हतं. बाई म्हणाल्या, "किती देऊ?" मी म्हटलं, "चोवीस." बाईंनी शेजारणीकडे बघितलं. मग पाव किलो शेवंती, निशिगंधाच्या काड्या आणि वर सोनचाफ्याची चार फुलं असं काहीतरी पानात बांधून दिलं. "सत्यनारायण आहे का?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

सातला तिच्या घराची बेल वाजवली. दार बाबांनीच उघडलं. पुडी बघितली, मला बघितलं, आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, पूजेची फुलं आलीत." मी दारात तसाच. ती आतून आली, घरातल्याच ड्रेसवर, केस पुसत. एका हाताने पुडी घेतली. उघडली. हसायला लागली, आणि हसता हसता बाबांच्या देखत, "बैस, चहा टाकते," म्हणाली.

अर्धी शेवंती आईंनी देवघरात नेली. निशिगंध मॅडमनी तांब्यात ठेवला, कारण घरात फुलदाणी नव्हती. चाफा कुठे गेला ते मला दिसलं नाही. निघताना बाबा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मार्केट यार्डातून आण, निम्म्या भावात पडतील."